कामगारामागे समुद्रापार गेलेलं सरकार

जुलै २००४ मध्ये इराकमधल्या फलुजाजवळ एका ट्रकचालकाचं अपहरण झालं. अँजेलो दे ला क्रूझ त्याचं नाव. फिलिपिन्समधल्या पंपांगा प्रांतातला, आठ मुलांचा बाप, सौदी अरेबियातल्या एका कंपनीचा ट्रक चालवणारा साधा माणूस. अपहरणकर्त्यांची मागणी अशी, की फिलिपिन्सने आपली सैनिकी तुकडी ठरल्या तारखेआधी इराकमधून काढून घ्यावी, नाहीतर त्याचं डोकं उडवू. ही तुकडी जेमतेम पन्नास माणसांची होती. पण ती अमेरिकेच्या बाजूने उभी असलेल्या मित्रराष्ट्राची तुकडी होती आणि अपहरणकर्त्यांपुढे झुकू नये यासाठी वॉशिंग्टनचा दबाव होता. राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया मकापगाल अरोयो यांनी तुकडी परत बोलावली. ट्रकचालक जिवंत सुटला. अमेरिका नाराज झाली, ऑस्ट्रेलियाने उघड टीका केली, आणि मनिलातले लोक रस्त्यावर येऊन आनंदाने रडले.

एका ट्रकचालकासाठी एका देशाने आपलं परराष्ट्र धोरण वळवलं! हा निर्णय बरोबर की चूक, यावर आजही वाद घालता येईल. मला मात्र त्यामागचा प्रश्न फार मोठा वाटतो. गरीब देशाचा, परमुलखात राबणारा, गावाबाहेर कुणी न ओळखणारा कामगार आपल्या सरकारला इतका महत्त्वाचा कधी झाला? कुणी केला?

आधी आवाका सांगतो. फिलिपिन्सची लोकसंख्या अकरा कोटींच्या वर आहे. तिथल्या सरकारी पाहणीनुसार कोणत्याही वर्षी वीस लाखांच्या आसपास माणसं करारावर परदेशी कामाला असतात. यात हाँगकाँगमधल्या घरकामगार आहेत, सौदीतल्या परिचारिका आहेत, दुबईतले हॉटेल कर्मचारी आहेत, आणि जगातल्या कुठल्याही मोठ्या बंदरात भेटणारे खलाशी आहेत. कायमचे स्थायिक झालेले धरले तर परदेशातल्या फिलिपिनोंची संख्या एक कोटीच्या घरात जाते. २०२४ मध्ये या सगळ्यांनी बँकांमार्फत मायदेशी पाठवलेली रक्कम साडेचौतीस अब्ज डॉलर होती. देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सात ते आठ टक्के! या माणसांना तिथे ओएफडब्ल्यू, म्हणजे ओव्हरसीज फिलिपिनो वर्कर, म्हणतात. निवडणुकीच्या भाषणात, चर्चच्या प्रार्थनेत, विमानतळाच्या फलकावर, सगळीकडे ही तीन इंग्रजी अक्षरं दिसतात.

सुरुवात १९७४ मध्ये झाली, आणि ती कामगारांच्या कळवळ्यातून झाली नाही. फर्दिनांद मार्कोस यांची लष्करी राजवट होती. देशात बेकारी होती, तेल चौपट महागलं होतं आणि परकीय चलन आटलं होतं. त्याच तेलाच्या पैशातून आखातात रस्ते, बंदरं, शहरं उभी राहू लागली होती आणि तिथे हात कमी पडत होते. मार्कोस यांनी वटहुकमाने नवी कामगार संहिता आणली आणि त्यात एक अजब गोष्ट घातली: कामगारांना परदेशी पाठवण्यासाठी सरकारी मंडळं. खलाशांसाठी वेगळं मंडळ, जमिनीवरच्या कामांसाठी वेगळं. या संहितेचे शिल्पकार होते कामगारमंत्री ब्लास ओप्ले. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

सुरुवातीचा बेत असा होता, की खासगी एजंट हळूहळू बंद करायचे आणि सगळी भरती सरकारनेच करायची. पण आखाताची मागणी इतकी वाढली की सरकारी मंडळांना ती झेपेना. १९७८ मध्ये खासगी एजंटांना पुन्हा दार उघडलं गेलं आणि सरकारने आपल्याकडे परवाने देण्याचं आणि देखरेखीचं काम ठेवलं. हे सगळं तात्पुरतं, चार वर्षांचा प्रश्न, देश सावरला की माणसं घरी येतील, अशीच तेव्हाची समजूत होती. त्याला आता पन्नास वर्षं उलटली.

मग १९८२ साल आलं. मार्कोस सरकारने हुकूम काढला, की परदेशात काम करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या पगाराचा ठरावीक हिस्सा सरकारमान्य बँकांमधून मायदेशी पाठवलाच पाहिजे. खलाशांनी ऐंशी टक्के, बांधकामावरच्या मजुरांनी सत्तर टक्के, घरकाम करणाऱ्या बायकांनी पन्नास टक्के. न पाठवला तर पासपोर्टचं नूतनीकरण नाही. सरकारला डॉलर हवे होते आणि ते कुणाच्या खिशात आहेत हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

याविरुद्ध पहिल्यांदा आवाज कुणी उठवला असेल? हाँगकाँगमधल्या मोलकरणींनी. आठवड्याची एकच सुट्टी, रविवारची. त्या दिवशी हाँगकाँगच्या सेंट्रल भागात, बँकांच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी, चौकात आणि पदपथावर चटया अंथरून हजारो फिलिपिनो बायका बसतात. गप्पा मारतात, जेवण वाटून खातात, घरी पाठवायच्या वस्तू बांधतात. सहा दिवस परक्या घरात एकेकट्या असलेल्या या बायकांना तिथे एकमेकी भेटल्या, आणि तिथेच या हुकमाविरुद्धची चळवळ जमली. त्यातून युनायटेड फिलिपिनोज इन हाँगकाँग ही संघटना उभी राहिली. १९८५ मध्ये सरकारला सक्ती आणि शिक्षेची तरतूद मागे घ्यावी लागली. मार्कोस यांची राजवट पडायला अजून काही महिने होते. ज्या हुकूमशहापुढे देशातले भलेभले गप्प बसत होते, त्याला परमुलखातल्या भांडी घासणाऱ्या बायकांनी हुकूम फिरवायला लावला. फिलिपिन्सच्या सगळ्या कामगार-कायद्यांचं बीज मला या रविवारच्या चटयांवर दिसतं.

१९८६ मध्ये लोकशाही परतली. राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो १९८८ मध्ये हाँगकाँगला गेल्या तेव्हा याच बायकांना त्यांनी देशाचे नवे वीर म्हणून गौरवलं. गौरव मनापासूनचा असेलही. पण वीर संकटात सापडला तर त्याच्या मागे कोण उभं राहणार, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. ते उत्तर यायला एक फाशी व्हावी लागली.

फ्लोर कॉन्टेम्प्लासिओन ही लागुना प्रांतातल्या सान पाब्लो शहराची, चार मुलांची आई, सिंगापूरमध्ये घरकामाला होती. १९९१ मध्ये दुसरी एक फिलिपिनो घरकामगार आणि ती सांभाळत असलेला चार वर्षांचा मुलगा यांच्या खुनाचा आरोप फ्लोरवर आला. न्यायालयाने तिला दोषी ठरवलं. ती निर्दोष असावी असं सांगणारे साक्षीदार शेवटच्या दिवसांत पुढे आले, राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांनी सिंगापूरला विनंती केली, पण ती मान्य झाली नाही. १७ मार्च १९९५ रोजी पहाटे फ्लोरला फाशी दिली गेली.

खून तिने केला की नाही, हा वाद तेव्हा मिटला नाही. पण फिलिपिन्समधल्या लोकांना एक गोष्ट स्वच्छ दिसली: आपल्या वकिलातीने या बाईकडे वेळेवर लक्ष दिलं नाही. नव्या वीरांचं कौतुक करणारं सरकार खटला उभा राहिला तेव्हा कुठे होतं, हा सवाल गावोगाव विचारला जाऊ लागला. तिच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी पाहून सरकार हादरलं. सिंगापूरमधून राजदूताला परत बोलावण्यात आलं. निवृत्त न्यायमूर्ती गानकायको यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. परराष्ट्रमंत्र्यांना आणि कामगारमंत्र्यांना पद सोडावं लागलं. मे महिन्यात निवडणुका होत्या, आणि ज्या घरातली एक तरी बाई परदेशात आहे अशी घरं देशात लाखोंनी होती. फाशीनंतर तीन महिने पुरे व्हायच्या आत, ७ जून १९९५ रोजी, स्थलांतरित कामगारांसाठीच्या प्रजासत्ताक कायदा क्रमांक ८०४२ वर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. आजही तिथे ७ जून हा स्थलांतरित कामगारांचा दिवस म्हणून पाळतात.

या कायद्याची कलमं वाचताना मी पुन्हा पुन्हा थांबतो. साधा कायदा देशाच्या सीमेवर संपतो. तुम्ही कुवेतमध्ये असाल तर कुवेतचा कायदा, हाँगकाँगमध्ये असाल तर तिथला. मनिलातल्या न्यायालयाला कुवेतच्या मालकाला समन्स काढता येत नाही, काढलं तरी तो हसून फेकून देईल. मग कामगाराला न्याय कसा मिळायचा? फिलिपिन्सच्या कायदेकारांनी यावर फार हुशार युक्ती काढली. मालक परदेशात आहे, पण त्याच्यासाठी माणूस शोधणारा एजंट तर मनिलात आहे! परवाना त्याला आपण देतो, बँकेत त्याची अनामत आपण ठेवून घेतो. तेव्हा मालकाने पगार बुडवला, मुदतीआधी काढून टाकलं, करार मोडला, तर जबाबदार मालक आणि एजंट दोघंही. कामगाराने दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करावी. एजंटला आपले पैसे मालकाकडून मिळवायचे असतील तर तो बघून घेईल.

याचा परिणाम किती खोल आहे बघा. माणूस पाठवून कमिशन घेतलं की काम संपलं, असं म्हणायची सोय एजंटला उरत नाही. वाईट मालकाकडे माणूस पाठवणं त्यालाच महाग पडतं. म्हणून मालकाची पारख करणं एजंटच्या फायद्याचं होतं. हात न पोहोचणाऱ्या परक्या भूमीत कायद्याने शिरकाव केला तो असा, मध्यस्थाच्या खिशातून.

कायद्यातल्या इतर काही गोष्टीही तितक्याच नवलाच्या आहेत. बेकायदा भरती तीन किंवा अधिक माणसांनी संगनमताने केली, किंवा तीन वा अधिक माणसांना फसवलं, तर तो आर्थिक घातपात समजला जातो आणि त्याला जन्मठेप आहे. ज्या देशात वीस हजारांहून जास्त फिलिपिनो कामगार आहेत तिथे सरकारने कामगार केंद्र चालवायचं, चोवीस तास, सातही दिवस, आणि पळून आलेल्या माणसाला तिथे आसरा द्यायचा. परदेशातल्या खटल्यांसाठी वकिलाचा खर्च भागवायला वेगळा निधी ठेवायचा. २०१० मध्ये या कायद्यात सुधारणा झाली तेव्हा प्रत्येक कामगाराचा विमा एजंटने स्वतःच्या पैशाने काढायचा, असं ठरलं. त्या विम्यात अशी तरतूद आहे, की कामगार आजारी पडून सलग सात दिवस रुग्णालयात राहिला, तर त्याच्या घरच्या एका माणसाला भेटायला नेण्याचा प्रवासखर्च विमा कंपनीने द्यायचा. परक्या देशात तापाने फणफणलेल्या माणसाच्या उशाशी घरचं कुणीतरी असावं, एवढी गोष्ट कुणाला तरी कायद्यात लिहावीशी वाटली. माझ्यासाठी या कायद्यातली ही सर्वांत हृद्य ओळ आहे.

माणूस निघतो कसा, हेही बघण्यासारखं आहे. त्याचा करार परदेशातल्या फिलिपिनो कामगार कार्यालयातून तपासून यावा लागतो. निघण्याआधी एक प्रशिक्षण सत्र पूर्ण करावं लागतं. ज्या देशात जायचं तिथले कायदे, चालीरीती, पैसे पाठवण्याची वाट, अडचणीत कुठे फोन करायचा, हे सगळं तिथे सांगतात. कल्याण निधीत पंचवीस डॉलर भरले की दोन वर्षांचं सदस्यत्व मिळतं. कर्ज, मुलांच्या शिष्यवृत्त्या, संकटात घरी आणण्याचा खर्च या निधीतून होतो. शेवटी एक प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवल्याशिवाय विमानतळावर पुढे जाता येत नाही, आणि दाखवल्यावर प्रवासकर आणि विमानतळ शुल्क माफ होतं.

आता याच कायद्यातलं एक वाक्य. आर्थिक वाढ टिकवण्याचं आणि देशाच्या विकासाचं साधन म्हणून सरकार परदेशी रोजगाराला प्रोत्साहन देत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आणि दुसरीकडे दरवर्षी येणाऱ्या डॉलरांवर चलन, बँका, घरबांधणी, दुकानं, सगळं टेकलेलं आहे. ही विसंगती तिथल्या विचारवंतांनी वारंवार दाखवली आहे आणि माझ्या मते ती खरी आहे. पण ते वाक्य निरर्थक आहे असं मला वाटत नाही. कामगार न्यायालयात उभा राहतो तेव्हा आपण निर्यातीचा माल नाही, हे त्याला सरकारच्याच शब्दांत सांगता येतं.

आणि कामगार न्यायालयात उभे राहिलेही. १९९८ मध्ये एका खलाशाला जहाजावरचा मुख्य अधिकारी म्हणून महिना चौदाशे डॉलरवर बारा महिन्यांसाठी घेतलं गेलं. जहाजावर जायच्या दिवशी सांगितलं, आता दुय्यम अधिकारी म्हणून हजार डॉलरवर चल, पुढच्या महिन्याअखेर बढती देऊ. बढती मिळाली नाही, त्याने तसं राहायला नकार दिला, आणि त्याला घरी पाठवलं. कराराचे नऊ महिने तेवीस दिवस शिल्लक होते. पण कायद्यात एजंटांच्या सोयीचं एक पोटकलम होतं, त्यानुसार त्याला तीनच महिन्यांचा पगार मिळणार होता. तो अकरा वर्षं लढला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पोटकलम घटनाबाह्य ठरवलं आणि शिल्लक कराराचा पूर्ण पगार द्यायला लावला. देशात राहणाऱ्या कामगाराला एक माप आणि समुद्रावर जाणाऱ्याला दुसरं, हे घटनेत बसत नाही, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी संसदेने तेच पोटकलम दुरुस्तीत परत घातलं! २०१४ मध्ये तैवानच्या कारखान्यातून महिन्याभरात परत पाठवलेल्या एका बाईच्या खटल्यात न्यायालयाने ते पुन्हा रद्द केलं. एजंटांचा दबाव किती असतो आणि हक्क एकदा मिळाला म्हणून सुटका होत नाही, हे यातून कळतं.

एवढ्या लांबून चाललेली ही लढाई मतपेटीपर्यंत पोहोचायलाच हवी होती. २००३ मध्ये परदेशातल्या नागरिकांना तिथूनच मतदान करण्याचा कायदा झाला आणि मे २००४ च्या निवडणुकीत त्यांनी पहिल्यांदा मत दिलं. अँजेलो दे ला क्रूझचं अपहरण झालं ते त्यानंतर दोनच महिन्यांनी. २०२२ मध्ये परदेशातले नोंदणीकृत मतदार सुमारे सतरा लाख होते. मे २०२५ च्या निवडणुकीत बऱ्याच देशांतल्या फिलिपिनोंनी इंटरनेटवरून मतदान केलं.

मताचं बळ छोट्या गोष्टींतही दिसतं. परदेशातला माणूस घरी पुठ्ठ्याचा मोठा खोका पाठवतो: साबण, चॉकलेट, कॉफी, टॉवेल, मुलांचे बूट, महिनोन् महिने जमवलेलं सगळं. त्याला बालिकबायान खोका म्हणतात. २०१५ मध्ये जकात खात्याने हे खोके उघडून तपासायचा विचार बोलून दाखवला, आणि जगभरातून असा संताप उसळला की राष्ट्राध्यक्षांना हस्तक्षेप करून ते थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी नव्या कायद्याने खोक्यांची करमुक्त मर्यादा दहा हजार पेसोंवरून दीड लाख पेसोंवर गेली.

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट मात्र २०१२ सालची आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे दोन मोठे करार तेव्हा लागू होण्याची वाट बघत होते. एक खलाशांच्या हक्कांचा, सागरी श्रम करार. तो लागू व्हायला तीस देशांची मान्यता हवी होती, आणि २० ऑगस्ट २०१२ रोजी फिलिपिन्स तिसावा देश ठरला. दुसरा घरकामगारांचा. त्याला दोन देश पुरेसे होते; उरुग्वेने आधी मान्यता दिली होती, आणि ५ सप्टेंबर २०१२ रोजी फिलिपिन्स दुसरा झाला. एकाच वर्षात, पंधरवड्याच्या अंतराने, खलाशी आणि मोलकरीण या दोघांचे जागतिक करार एका गरीब देशाच्या सहीने जिवंत झाले. दोन्ही करार वर्षभरानंतर लागू झाले. भारताने सागरी करार २०१५ मध्ये स्वीकारला. म्हणजे मुंबईहून जहाजावर चढणाऱ्या आपल्या खलाशाला त्याच्या करारात जे संरक्षण मिळतं, त्यात मनिलाचाही वाटा आहे. घरकामगारांचा करार भारताने अजून स्वीकारलेला नाही.

हे सगळं वाचून तिथे सारं आलबेल आहे असं कुणी समजू नये. २००६ च्या अखेरीस सरकारने घरकामगारांचा किमान पगार दुप्पट करून चारशे डॉलर केला आणि त्यांच्याकडून एजंटचं शुल्क घ्यायला बंदी घातली. आखातात पोहोचल्यावर दुसऱ्या कागदावर सही घेऊन जुन्याच पगारात राबवण्याचे प्रकार तरीही चालू राहिले. २०१३ मध्ये तर आसरा मागायला आलेल्या बायकांकडून घरी परतण्याच्या तिकिटाच्या बदल्यात लैंगिक शोषण केल्याचे आरोप आखातातल्या काही सरकारी अधिकाऱ्यांवरच झाले. संसद सदस्य वाल्डेन बेयो यांनी ते उघड केले. २०१८ मध्ये कुवेतमधल्या एका रिकाम्या घरात फिलिपिनो घरकामगार बाईचा मृतदेह शीतपेटीत सापडला. ती बेपत्ता असल्याचं घरच्यांनी केव्हाच कळवलं होतं. सरकारने कुवेतला माणसं पाठवणं थांबवलं, कुवेतने फिलिपिन्सच्या राजदूताची हकालपट्टी केली, आणि मे महिन्यात दोन्ही देशांत करार झाला: मालकाने पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही, फोन काढून घ्यायचा नाही. २०२३ च्या सुरुवातीला कुवेतच्या वाळवंटात आणखी एका घरकामगार बाईचा खून झालेला आढळला आणि पुन्हा बंदी आली. बंदीचा रागही गरिबाच्याच पोटावर येतो. सरकारी वाट बंद झाली की माणसं आडवाटेने जातात, आणि आडवाटेला कसलंच संरक्षण नसतं.

आता ओप्ले. संहिता लिहिणाऱ्या ब्लास ओप्ले यांची मुलगी सुसान ओप्ले यांनी वडिलांच्या नावाने संस्था चालवली. त्या संस्थेत फसवल्या गेलेल्या, विकल्या गेलेल्या, परदेशी तुरुंगात अडकलेल्या कामगारांची कुटुंबं येत असत. वडिलांनी उभारलेल्या यंत्रात ज्यांची बोटं सापडली, त्यांचं ऐकण्यात या बाईंनी आपलं आयुष्य घातलं. ३० डिसेंबर २०२१ रोजी नव्या कायद्याने विखुरलेली सगळी कार्यालयं एकत्र करून स्थलांतरित कामगारांचं स्वतंत्र मंत्रालय झालं. जून २०२२ मध्ये नव्या सरकारने त्याची सूत्रं सुसान ओप्ले यांच्याकडे दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. कामगार पाठवायची मंडळं वडिलांनी उभारली आणि कामगारांना वाचवायचं मंत्रालय मुलीने रुळावर आणलं. या दोन कामांमधलं अंतर कापायला त्या देशाला जवळजवळ अर्धं शतक लागलं.

हे अंतर किती होतं ते मेरी जेन वेलोसो या फिलिपिनो बाईच्या गोष्टीत दिसतं. २०१० मध्ये इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या विमानतळावर तिच्या बॅगेत २.६ किलो हेरॉइन सापडलं. बॅग आपल्याला भरती करणाऱ्या ओळखीच्या बाईने दिली होती, असं ती पहिल्यापासून सांगत होती. तिला मृत्युदंड झाला. एप्रिल २०१५ मध्ये गोळ्या घालण्याच्या काही तास आधी, ती भरती करणारी बाई फिलिपिन्समध्ये पोलिसांकडे हजर झाल्यामुळे, शिक्षा थांबली. पुढे त्या बाईला आणि तिच्या साथीदाराला इतर तक्रारदारांच्या खटल्यात मोठ्या प्रमाणावरच्या बेकायदा भरतीसाठी जन्मठेप झाली, तीही फ्लोरच्या फाशीतून जन्मलेल्या त्याच कायद्याखाली. डिसेंबर २०२४ मध्ये मेरी जेन मायदेशी परतली. १९९५ मध्ये जे जमलं नाही ते यावेळी जमलं. जवळजवळ पंधरा वर्षं वाटाघाटी करत राहिलेलं सरकार आणि त्याला गप्प बसू न देणारे लोक, दोघंही लागले.

आपल्याकडे रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी गावांतली घरं आखाताच्या पैशावर उभी आहेत, आणि आखाती भरतीचे एजंट सत्तरच्या दशकापासून मुंबईत बसलेले आहेत. भारताचा उत्प्रवासन कायदा १९८३ चा आहे. परदेशस्थ भारतीयांसाठी २००४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झालं होतं. २०१६ मध्ये ते परराष्ट्र मंत्रालयात विलीन केलं गेलं. परदेशातल्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला त्याला मतदानाच्या दिवशी स्वतः आपल्या गावच्या केंद्रावर यावं लागतं. दम्मामच्या गवंड्याला ते शक्य नाही. म्हणून त्याच्या प्रश्नावर कुणाची खुर्ची जात नाही. तिथून मत देण्याची सोय आपल्याकडेही व्हायला हवी, आणि ती मागायला हवी ती आखातातल्या माणसाच्या घरच्यांनी, आमदार-खासदाराच्या तोंडावर.

तोवर जे आहे ते तरी हातात ठेवा. तुमच्या घरातलं, वाडीतलं कुणी आखातात निघालं असेल, तर एजंटचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे का, ते आधी बघा. कायद्याने त्याला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. पर्यटक व्हिसावर कामाला पाठवतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. प्रवासी भारतीय बीमा योजनेचा कागद, कराराची प्रत आणि पासपोर्टची झेरॉक्स घरी आईजवळ ठेवा, आणि तिथल्या भारतीय वकिलातीचा फोन नंबर माणूस निघायच्या आधी घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घाला.